दोन पॉइंट कमी

उन्हाळ्याबद्दल नागपूरच्या माणसाला कोणी काही शिकवायला आलं की त्याचं डोकं फिरतं. माझं जरा जास्तच फिरतं. पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्रीत जन्म काढलेल्या माणसाला तुम्ही काय सांगणार? होळी झाली की कूलर गच्चीवरून उतरवायचा, त्याच्या खिडक्यांत नवा वाळा भरायचा, माठ घासून ठेवायचा, डोक्याला बांधायचे दुपट्टे दारामागे अडकवायचे आणि टायरमधली हवा थोडी सोडायची. ही सगळी कामं मी न चुकता करत आलो. आधी स्कूटरची हवा सोडायचो, निवृत्तीच्या आधी गाडी घेतली तेव्हापासून गाडीची.

कारण साधं होतं. उन्हानं हवा फुगते, फुगलेली हवा टायर फोडते, म्हणून दोन पॉइंट आधीच कमी ठेवायची. आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, हेच सांगेल. शेजारचे तर मला उन्हाळा लागला की विचारायचे, ‘सोडली का हवा?’ आणि मी त्यांनाही सल्ला द्यायचो, कारण सल्ला द्यायला मला आवडतं.

हे मला वडिलांनी शिकवलं. ते एका सरकारी खात्याची जीप चालवायचे. दसऱ्याला बाकीचे ड्रायव्हर गाड्यांना झेंडूचे हार घालायचे, नारळ फोडायचे. वडील त्या दिवशी पांढरा सदरा घालून आम्हाला दीक्षाभूमीवर न्यायचे. जीपला हार कधी घातला नाही. पण दर रविवारी ऊन चढायच्या आत ते जीपपाशी उकिडवे बसायचे आणि चारही चाकांवरून तळहात फिरवायचे. सावकाश. बाहेरून झालं की हात आत घालायचे, जिकडे काहीच दिसत नाही तिकडे. काच, खिळा, दगड, कुठे फुगवटा, कुठे भेग, सगळं त्यांना हातालाच कळायचं. मला म्हणायचे, ‘अंदरून पाह्य. बाहेरून तं कोणीबी पाह्यते.’

तर वडिलांकडून मी दोन गोष्टी शिकलो होतो, हात फिरवणं आणि हवा सोडणं. त्यातली हात फिरवायची गोष्ट मी केव्हाच सोडून दिली. गुडघा दुखतो, हात काळे होतात, आणि आजकाल टायरला लावायचं काळं पॉलिश मिळतं, ते फासलं की टायर शोरूममधून आल्यासारखं दिसतं. हवा सोडायची मात्र इमानदारीनं चालू ठेवली. सोपी होती ना. संपलेल्या पेनची रिफिल घ्यायची, व्हॉल्व्हमध्ये टोचायची, सुस्स. चार चाकं, चार वेळा सुस्स, आणि माणूस आत चहा प्यायला मोकळा.

माझी एकुलती एक पोरगी नर्स आहे. मौद्याच्या पलीकडे एका खेड्यातल्या दवाखान्यात तिची नेमणूक झाली, त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. बसच्या वेळा तिच्या ड्युटीशी जुळेनात, म्हणून गाडी तिला देऊन टाकली. मला निवृत्त माणसाला कुठं जायचं असतं? बर्डीच्या बाजारापर्यंत मेट्रो आहे. तिच्याबरोबर दवाखान्यातल्याच आणखी दोघी असतात, रोज जायचं आणि भर उन्हात चार वाजता परत निघायचं. भंडारा रोडवर ट्रक केवढे, डांबर तापून केवढं. सकाळी ती निघाली की मी फाटकाशी उभा राहून तीच ती दोन वाक्यं म्हणायचो, ‘हळू जाजो. पोहोचली की फोन करजो.’ तिचा फोन येईपर्यंत पेपर वाचला तरी डोक्यात काही शिरायचं नाही. हे मी कोणाला सांगत नाही, पण खरं आहे.

त्यामुळे हवेची काळजी मी आणखीच घ्यायला लागलो. पूर्वी उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा सोडायचो. आता पोरगी रोज जाते म्हटल्यावर दर रविवारी. ऊन वाढलं की थोडी जास्त. मापायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं, अंदाजानं सोडायचो, आणि स्वतःच्या अंदाजावर माझा भारी भरवसा. ‘दोन पॉइंट’ म्हणायचो तोंडानं. पावसाळा लागला की पंपावर जाऊन भरून घ्यायचो. असे दोन उन्हाळे गेले.

या एप्रिलमध्ये एका रविवारी नाश्त्याला पोरगी म्हणाली, ‘बाबा, गाडी जड चालून राहिली. वळवताना हात भरून येते. पेट्रोलबी जास्त पिऊन राहिली.’

मी म्हटलं, ‘ऊन आहे वं. उन्हात माणूस जड होते, गाडी नाही होणार?’

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘तुमचं डोकं तेवढं हलकं राहते.’

दोघी हसल्या. मी पोह्यांत मान घातली. त्या दिवशीचं सुस्स मी पहाटेच उरकलं होतं, त्यामुळे मनातून निर्धास्त होतो.

नंतर पोरगी आणि मी बर्डीला निघालो, तिला नवे दुपट्टे घ्यायचे होते. वाटेत तिनं मला न विचारता गाडी एका टायरवाल्याच्या दुकानाशी वळवली. दुकान म्हणजे कडुनिंबाखाली टीनाची शेड, एक कॉम्प्रेसर, पाण्याचा टब आणि ओळीनं मांडलेली जुनी टायरं. मला राग आला. माझी गाडी, मी काळजी घेतो, आणि ही कोणा तिऱ्हाइताला दाखवायला चालली.

‘काहून थांबवली?’

‘एकदा पाहू द्या ना बाबा त्याले,’ ती म्हणाली. समोरच्या बाजूला उसाच्या रसाचं दुकान होतं. ‘तो पाहते तोवर मी रस घेऊन येतो.’ आमच्याकडच्या पोरी घरात अशाच बोलतात, ‘येतो, जातो’. ती रस्ता ओलांडून गेली.

टायरवाला माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल. अंगात बनियन, बोटं कायमची काळी. त्यानं काही विचारलं नाही. मागच्या डाव्या चाकाशी बसला आणि टायरवरून तळहात फिरवायला लागला. अगदी सावकाश. मग हात आत घातला आणि मान दुसरीकडे वळवली, काही ऐकत असल्यासारखी.

मी खूप वर्षांनी कोणाला असं करताना पाहत होतो. राग होताच, पण मी एक पाऊल पुढे गेलो.

मग त्यानं हवा मापायचं यंत्र लावलं. एक चाक, दुसरं, तिसरं, चौथं. उठून म्हणाला, ‘काकाजी, गाडी चालून आली, टायर गरम आहे, तरी बावीस. थंड असते तं वीसबी नसती भरली. आणि चारही एकसारखी कमी. पंक्चर असं नसते. हवा कोणी तरी काढून राहिलं.’

‘कोणी तरी नाही, मीच काढतो,’ मी म्हटलं. ‘उन्हाळा आहे. दोन पॉइंट कमी ठेवा लागते, एवढं तं माहीत पाहिजे तुले, टायरचं दुकान घालून बसला तं.’

‘दोन नाही, अकरा कमी आहे.’ त्यानं ड्रायव्हरकडचं दार उघडलं, चौकटीवरची धूळ अंगठ्यानं पुसली. खाली एक लहानसं लेबल निघालं. त्यावर तेहतीस लिहिलं होतं. दहा वर्षं मी त्या दारातून आत-बाहेर करत होतो. ‘हे थंड्या टायरचं आहे. उन्हाचं, गरमीचं सगळं धरून लिहिलं राहते.’

आता माझी सटकली. मी त्याला सुनावलं. माझे वडील पस्तीस वर्षं सरकारी जीप चालवत होते, एकदाही टायर फुटलं नाही, तुझ्या जन्माआधीपासून आमच्या घरात हे चालू आहे, पोरगी रोज याच गाडीनं मौद्याच्या पुढं जाते, मले शिकवू नको. आवाज चढला होता. शेजारच्या पानठेल्यावरचे दोघे वळून पाहायला लागले.

तो म्हणाला, ‘बरं काकाजी.’

एवढंच. वाद घातला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं जमिनीवरून एक वीतभर लोखंडी तार उचलली आणि माझ्यापुढे ती एकाच जागी वाकवायला लागला. इकडे, तिकडे, इकडे, तिकडे, पटापट वीस-पंचवीस वेळा. मग म्हणाला, ‘हात लावा.’

मी बोट लावलं आणि मागे घेतलं. चटका बसला होता. आम्ही सावलीत उभे होतो.

‘उन्हात ठेवली होती का?’ त्यानं विचारलं. ‘नाही ना. वाकून वाकून तापली. हवा कमी असली की टायर असंच दबते, दर चक्कराले. मौद्यापर्यंत किती चक्कर होत असन, तुम्हीच सांगा. उन्हानं नाही फुटत काकाजी, वाकून फुटते.’ आणि त्यानं तार आणखी दोनदा वाकवली. ती तुटली.

तुटलेला तुकडा माझ्या चपलेपाशी पडला.

त्यानं माझा हात धरला, विचारलंही नाही, आणि मागच्या टायरवर ठेवला. मधे नक्षी खोल होती, बोट रुतत होतं. मी नेहमी तीच पाहायचो आणि म्हणायचो, अजून वर्ष जाते. मग त्यानं माझा हात कडेला नेला. कड गुळगुळीत. दुसरी कड, जी आतल्या बाजूला असते आणि उभ्यानं कधी दिसत नाही, तीही गुळगुळीत. दोन्ही कडा गोटा झाल्या होत्या. ‘बाहेरून पॉलिश लावता ना,’ तो म्हणाला, ‘म्हणून समजत नाही.’

मग त्यानं जॅक लावला, चाक काढलं, टायर रिमवरून सोडवलं आणि जमिनीवर पसरलेल्या पेपरवर उभं करून थोपटलं. आतून काळा भुगा पडला. चहापत्तीसारखा, बारीक, चांगला मूठभर. टायरच्या आत गोल रेघ उमटली होती, आणि एका जागी रबर जाऊन आतले दोरे दिसत होते.

‘हे रबर आहे,’ तो म्हणाला. ‘अंदरच्या अंदर पिसून राहिलं होतं.’

‘किती दिवस चाललं असतं?’ मी विचारलं.

‘ते नाही सांगता येत. पंधरा दिवस गेलं असतं. उद्या गेलं असतं.’

उद्या सोमवार होता. उद्या ती जाणार होती, बरोबर त्या दोघी. मी त्या पेपरवरच्या भुग्याकडे पाहिलं. मी एका जुन्या टायरवर बसलो. हे उन्हानं केलं नव्हतं, रस्त्यानं केलं नव्हतं. हे मी केलं होतं, रिफिलनं, दर रविवारी, तिची काळजी वाटते म्हणून. माझं लेकरू रोज सकाळी त्या चाकावर बसून जात होतं आणि मी फाटकात उभा राहून ‘हळू जाजो’ म्हणत होतो.

तेवढ्यात ती रसाचे तीन ग्लास घेऊन आली. टायर उघडलेलं, बाप खाली बसलेला. तिनं विचारलं, ‘काय झालं?’

टायरवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मघा त्याला चारचौघांत काय काय बोललो होतो ते पानठेल्यापर्यंत ऐकू गेलं होतं. त्याला वचपा काढायचाच असता तर ही वेळ होती. त्यानं चपलेनं तो पेपर हळूच मागे सरकवला आणि म्हणाला, ‘काही नाही ताई. टायरचं वय झालं. मागचे दोन बदलून टाकू, पुढचे दोन अंदरून पाहून घेतो, बरे असन तं थोडे दिवस चालतात, पण हवा बरोबर ठेवा. काकाजींनी बरं झालं आज आणली गाडी.’

आणली मी नव्हती. तिनं आणली होती. रस मी हातात धरून बसलो. नवी टायरं बसली, चारही चाकांत हवा भरली गेली. निघताना मी त्याच्याजवळ गेलो. माफी मागायची माझ्या जिभेला सवय नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, ‘मी जास्त बोललो गा.’

तो म्हणाला, ‘आमच्या वडिलांनीबी काढली असती काकाजी. त्या वेळचे टायर वेगळे होते.’

वेगळे होते की नव्हते, वडिलांना विचारायला आता ते नाहीत. ट्यूबची जाड टायरं, मातीचे रस्ते, जीप तरी केवढ्या वेगानं जायची. त्यांचं कदाचित बरोबर असेल, कदाचित तेही चुकत असतील आणि रविवारी फिरणारा त्यांचा हातच त्यांची चूक वेळेत पकडत असेल. मला एवढंच कळलं की त्यांनी दिलेल्या दोन गोष्टींपैकी मी सोपी तेवढी ठेवली होती. आणि त्या माणसानं माझी लाज झाकली होती, माझ्याच पोरीपुढे, मी त्याला नको नको ते बोललो असताना. त्याचे उपकार कसे फेडू, मला समजत नव्हतं.

पण झाकलेली लाज घेऊन घरी बसणं फार कठीण निघालं. दुपारी कूलरपुढे पडलो तर डोळा लागेना. न सांगताही चाललं असतं. टायरं नवी, हवा बरोबर, मी रिफिल फेकून दिली असती की संपलं. पण मग तिनं आयुष्यभर ‘टायरचं वय झालं होतं’ एवढंच समजायचं? संध्याकाळी ती तिची डब्याची पिशवी घासत अंगणातल्या नळाशी बसली होती. मी बाहेर गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. रिफिल, बावीस, तार, भुगा. तो मला वाचवायला खोटं बोलला हेही.

ती नळ बंद करून ऐकत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

‘दर रविवारी पहाटे तो आवाज येते ना, सुस्स,’ ती म्हणाली. ‘मले जाग येते त्यानं. मले वाटे तुम्ही हवा भरून राहिले. मी म्हणो, बाबा उठले, चाकं पाहून राहिले, आता काही टेन्शन नाही. अन् पुन्हा झोपी जाओ. म्हणून तं मी दोन वर्षांत एकदाबी हवा पाहिली नाही.’

नर्सबाईंना रोज रक्त पाहायची सवय आहे, त्यांना काही होत नाही. बापाची अवस्था वाईट झाली. मी फाटकाला धरून उभा राहिलो आणि रडलो. लपवायला दुपट्टाही नव्हता खांद्यावर. ती उठली, ओले हात ओढणीला पुसले आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मग म्हणाली, ‘हवा तुम्हीच पाहत जा बाबा. फक्त आता मी उठून बाहेर येत जाईन.’

मला वाटलं होतं ती गाडीला मला हात लावू देणार नाही. मी दिला नसता तिच्या जागी.

आता घरात हवा मापायचं यंत्र आहे, माझ्या चष्म्याशेजारी ठेवलेलं असतं. रविवारी ऊन यायच्या आत, टायर थंड असताना, मी खाली बसतो. गुडघा कुरकुरतो, कुरकुरू दे. आधी तेहतीस आहे का पाहतो. मग तळहात फिरवतो, मधून, दोन्ही कडांवरून, आणि हात आत घालून जिथे दिसत नाही तिथे. पॉलिश बंद केलं आहे. शेजाऱ्यांनाही सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, तेव्हा त्यांच्यापुढे तार वाकवून त्यांना चटका दिला. त्या टायरवाल्याकडे मी महिन्यातून एकदा काही काम नसताना जाऊन बसतो. तो ‘या काकाजी’ म्हणून जुनं टायर पुढे सरकवतो. आम्ही त्या दिवसाबद्दल बोलत नाही.

पोरगी केस विस्कटलेले, डोळ्यांत झोप, हातात दोन कप चहा घेऊन बाहेर येते. कप कट्ट्यावर ठेवते, माझ्या शेजारी उकिडवी बसते, आणि जिथून माझा हात फिरला तिथूनच पुन्हा तिचा हात फिरवते. मागच्या महिन्यात पुढच्या उजव्या टायरच्या आतल्या बाजूला तिला खिळ्याचं डोकं लागलं. माझा हात त्यावरून नुकताच गेला होता, मला कळलं नव्हतं. तिनं माझी बोटं धरून तिथे नेली.

‘लागला?’ तिनं विचारलं.

‘लागला,’ मी म्हटलं.